मोजताना हाक मारायची नाही

१

दुपारी दोन ते साडेतीन हा माझा काडतुसं भरायचा वेळ. त्या वेळात बौशरमधला यासिरचा बंगला गाढ झोपलेला असायचा. स्वयंपाकीण आडवी झालेली, ड्रायव्हर गाडीत एसी लावून पडलेला, बाहेर उन्हात मांजरसुद्धा दिसायचं नाही. बंगल्याच्या मागे, पूर्वी मोलकरणीसाठी बांधलेली एक सुटी खोली आहे. दहा बाय आठ. एक दार, एक खिडकी, खिडकीच्या काचेला उन्हासाठी आतून चंदेरी कागद चिकटवलेला. आत मी, एक टेबल, टेबलाला चार बोल्टांनी आवळलेलं यंत्र आणि एसीची घरघर. मला आणखी काही लागत नव्हतं.

मी फ्रेडरिक तुस्कानो, गाव वसई. एकवीस वर्षं इथे आखातात, वादी कबीरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होतो. केसाएवढा फरक माझ्या बोटाला कळायचा. फुशारकी मारत नाही, होतं ते सांगतो. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा यासिरने मला ठेवून घेतलं. यासिर माझा अर्बाब, म्हणजे मालक. पूर्वी सैन्यात होता, आता बांधकामाच्या सामानाचा धंदा करतो आणि त्याला पिस्तुलाच्या नेमबाजीचं वेड आहे. परवाना फ्रेम करून त्या खोलीतच लावलेला होता. सरावाला विकतची काडतुसं पुरत नाहीत, म्हणून रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, आणि त्यांत पुन्हा बंदुकीची दारू भरून वर गोळी दाबून बसवायची. ते काम माझं.

आणि ती काडतुसं उडवायची माझी मुलगी, ॲव्हरिल. बावीस वर्षांची, जन्म इथला, मराठी अडखळत बोलते. यासिरच्या शेतावर कंपनीची पिकनिक होती तेव्हा तिने गंमत म्हणून त्याच्या छऱ्याच्या बंदुकीने ओळीत ठेवलेले आठ डबे आठ छऱ्यांत पाडले. यासिर माझ्याकडे वळून म्हणाला, "फ्रेडरिक, ये बेटी नहीं, मशीन है मशीन!" तेव्हापासून दोन वर्षं तो तिला शिकवत होता. नेमबाजी क्लबच्या संघाची निवड तोंडावर आली होती.

म्हणजे मी भरलेलं प्रत्येक काडतूस माझ्या मुलीच्या हातात, तिच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर पेटायचं. हे मी एक मिनिट विसरलो नाही. म्हणून माझे नियम होते. टेबलावर दारूचा एकच डबा ठेवायचा, दुसरा खोलीतसुद्धा नको. पुंगळ्या पन्नास भोकांच्या फळीत उभ्या करायच्या, ती फळी मी स्वतः बनवली होती. यंत्राचा दांडा एकदा ओढला की एक माप पडतं, खट-टक, आणि प्रत्येक ओढीला मोठ्याने आकडा म्हणायचा. मग टॉर्च मारून पन्नासही पुंगळ्यांत डोकवायचं. भरलेली काडतुसं त्याच क्रमाने लाल पेटीत लावायची, आणि ॲव्हरिलने त्याच क्रमाने उडवायची, म्हणजे काही कमीजास्त वाटलं तर कितवं ते कळतं.

शेवटचा नियम तिच्यासाठी होता. मोजताना मला हाक मारायची नाही. सुरुवातीला एकदा ती दारातून म्हणाली, "पपा, चहा हवा?" मी असा खेकसलो तिच्यावर की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर ती यायची तेव्हा चवड्यांवर चालत यायची, दाराजवळच्या कोपऱ्यातली लाल पेटी उचलायची आणि तशीच निघून जायची. तिच्या तोंडात संत्र्याचं च्युइंगम असायचं, त्या वासावरून मला कळायचं की येऊन गेली. गुणी पोर माझी.

२

आमची जुनी दारू फुगीर होती, पोह्यांच्या चुऱ्यासारखी. एका मापात पुंगळी जवळजवळ गच्च व्हायची. चुकून दोनदा ओढलंच तर दारू टेबलावर सांडायची आणि चूक आपणहून ओरडून सांगायची. हा तिचा गुण होता, कारण दुप्पट दारूने पिस्तूल हातातच फुटतं. पण ती मिळेनाशी झाली.

एका दुपारी यासिर दोन नवे डबे घेऊन आला. एकातली जुन्यासारखीच फुगीर, पण मापात अडकणारी, आणि हाताला सणसणीत धक्का देणारी. दुसऱ्यातली बारीक, रव्यासारखी. पाण्यासारखी वाहायची, चिमूटभर लागायची, धक्काही मऊ.

"तुम देखो, फ्रेडरिक," यासिर म्हणाला. "लेकिन ये बारीकवाला, दो बार डाला तो भी अंदर जाता है. दिखता नहीं. मालूम है ना?"

"अर्बाब," मी म्हणालो, "एकवीस साल में मेरे हाथ से एक काम दो बार नहीं हुआ."

हे वाक्य मी बोललो. आता ते जिभेवरून खरवडून काढावंसं वाटतं.

मी बारीक दारू निवडली ती ॲव्हरिलसाठी. तिचं मनगट दुखायचं, क्रेप बँडेज बांधून ती भाकरीसुद्धा डाव्या हाताने मोडायची. त्या शुक्रवारी ब्रिजेट, माझी बायको, बाल्कनीत माझ्या केसांना कलप लावत होती. दर दुसऱ्या शुक्रवारी लावायची. माझे केस चाळिशीतच पांढरेफटक झाले, पण कलपामुळे ते ब्रिजेटशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी तिला डब्यांचं सांगितलं.

"मग ती जुन्यासारखीच का नाही घेत?" ती म्हणाली.

"पोरीचं मनगट दुखतं गं."

"अहो, मनगट दुखलं तर बाम लावता येतो."

मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं? ती ब्रश फिरवत राहिली.

३

पहिला आठवडा सुरळीत गेला. यंत्र लोण्यासारखं चालत होतं. ॲव्हरिल खूश. "पपा, इतकं सॉफ्ट! मला रिस्टला काही नाही होत." मी मनात म्हटलं, बघ ब्रिजेट, कुणाला कळतं ते.

दुसऱ्या रविवारी पन्नास म्हणून झालं, दांडा वर सोडला, रुमालाने हात पुसला. आणि आवाज आला, खट-टक.

दांडा माझ्या डोळ्यांसमोर होता. हलला नव्हता. मी म्हटलं, पाण्याच्या टाकीचा पंप असेल. उठून मागे जाऊन पाहिलं. पंप बंद होता, पाइप हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला. परत येऊन टॉर्च मारला. पहिली ओळ ठीक, दुसरी ठीक, तिसरी ठीक. चौथ्या ओळीतली सातवी पुंगळी मात्र वेगळी. दारूची पातळी इतरांपेक्षा वर होती, फार नाही, नखाएवढी. सदतिसावी. तिच्यात दोन मापं होती.

मी सगळी फळी ओतून रिकामी केली आणि पहिल्यापासून भरली. या खेपेला टॉर्चखाली सगळं सारखं दिसलं, तेव्हाच गोळ्या बसवल्या.

सोमवारी पुन्हा तेच. सदतीस. मंगळवारी पुन्हा सदतीस.

४

माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. मीही घेतला. रुवीच्या दवाखान्यात जाऊन साखर तपासून आलो, नॉर्मल. डोळे तपासले, चष्म्याचा नंबर तोच. ब्रिजेट म्हणाली, "तुमचं जेवण जड होतं दुपारी, डुलकी लागत असेल." म्हणून दोन दिवस फक्त पेज पिऊन कामाला बसलो. तरी सदतीस.

मग मी एक युक्ती केली. लेथवर काम केलेला माणूस आहे मी, यंत्र कुठे चुकतं ते शोधायची माझी पद्धत आहे. मी छत्तीसपर्यंत भरलं आणि थांबलो. सदतिसावी पुंगळी रिकामी ठेवली. दांड्याला तारेने बांधून टाकलं, तिला तीन पीळ दिले. हात मांडीवर ठेवून बसलो. एसी घरघरत होता. मिनिटभर काही नाही. मी स्वतःला हसलोसुद्धा.

खट-टक.

तार जागच्या जागी होती, तिन्ही पीळ तसेच. सदतिसाव्या पुंगळीत बरोबर एक माप दारू होती.

म्हणजे दोन मापांतलं एक माझं होतं आणि दुसरं माझं नव्हतं. इतका साधा हिशेब, पण तो कळल्यावर मला स्टुलावरून उठता येईना. भिंतीवर यासिरच्या परवान्याची काच होती, तिच्यात माझ्यामागचं दार दिसत होतं. तिथे कुणी नव्हतं. मी 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायला लागलो आणि निम्म्यात विसरलो. लहानपणापासून पाठ असलेलं विसरलो मी.

यासिरला काय सांगणार होतो? म्हातारा झालास, घरी जा, म्हणाला असता, आणि त्याचं काही चुकलं नसतं. आणि मी गेलो तर तिथे दुसरा कुणी बसेल, तो टॉर्च मारेलच कशावरून? या एका विचाराने मला त्या खोलीत धरून ठेवलं.

५

मग एका गुरुवारी मी फळी पूर्ण भरली, टॉर्च मारून बघितली, सगळं सारखं. मग बाहेर आलो, दाराला कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि पायरीवर बसलो. ऊन असं होतं की अंगणातली खडी डोळ्यांना टोचत होती. माझा गुडघा बसता-उठताना कटकन वाजतो, तेवढाच काय तो आवाज.

थोड्या वेळाने आतून सुरू झालं. खट-टक. "एक." खट-टक. "दोन."

कुणीतरी मराठीत मोजत होतं. आवाज घोगरा होता, खूप ओरडून बसलेल्या घशासारखा. मला वाटलं, मी मोबाइलवर काही लावून ठेवलंय का? मोबाइल माझ्या खिशात होता. मी कान दाराला लावला. दाराचं पत्र्याचं अस्तर तापलेलं होतं, कान भाजला, तरी काढला नाही. "चौतीस. पस्तीस. छत्तीस." तो माणूस संथ, नेमका मोजत होता, चांगल्या कारागिरासारखा. मग "सदतीस" म्हणताना तो अडखळला. आणि दोन्ही आवाज पुन्हा आले. खट-टक, "सदतीस."

खिडकीचा चंदेरी कागद एका कोपऱ्यात बोटभर फाटलेला होता. मी भिंतीला धरून तिथवर गेलो आणि डोळा लावला.

स्टुलावर एक म्हातारा पाठमोरा बसलेला होता. केस पांढरेशुभ्र, मानेवर वाढलेले. टेबल रिकामं होतं. यंत्र नाही, फळी नाही, डबा नाही, फक्त लाकडात बोल्टांची चार भोकं. तो हवेत हात वर करायचा आणि नसलेला दांडा खाली ओढायचा. त्याची पाठ गदगदत होती. रडत होता तो, आणि मोजत होता.

मी कुलूप कसं काढलं ते आठवत नाही. आत कुणी नव्हतं. यंत्र जागेवर, फळी जागेवर. सदतिसावीत दोन मापं.

६

त्याच दिवशी मी सगळी फळी ओतली. उरलेली बारीक दारू डब्यासकट यासिरच्या हवाली केली. तयार काडतुसांची एकुलती एक लाल पेटी होती, तीही रिकामी करून कपाटात ठेवली. खोलीची किल्ली यासिरच्या हातावर ठेवली आणि खोटं बोललो, "अर्बाब, नजर बराबर नहीं है. अब नहीं करूँगा."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खलास, पुरे झालं, फ्रेडरिक. निवड होईपर्यंत मी फॅक्टरीचा माल देतो तिला," असं काहीसं तो हिंदी-अरबीत म्हणाला. मला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

ब्रिजेटला मी खरं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "सोडलंत ना? मग सुटलो." आणि तिने कपाळावर क्रूस काढला, आधी माझ्या, मग स्वतःच्या.

ॲव्हरिल मात्र फुरंगटली. "पपा, फॅक्टरीचं मला डिफरंट लागतं. तुझंच बरं होतं."

"बाळा, तेच वापर. माझ्यासाठी."

"ओके," म्हणाली. पण तिचा चेहरा पडलेला होता. तिला वाटलं, पपाला आता तिची हौस राहिली नाही. मी तिला जवळ घेऊन समजवायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या सांगू.

७

शुक्रवारी आम्ही सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेलो. दुपारी जेवण, मग बाल्कनीत कलप. दोन वाजता माझ्या डोक्यावर कलप थापलेला होता आणि ब्रिजेट मानेवरचे ओघळ पुसत होती. हे मी मुद्दाम सांगतोय. ॲव्हरिल त्या वेळी फॅक्टरीची पाकिटं आणायला यासिरकडे बौशरला गेली होती.

शनिवारी ती यासिरबरोबर त्याच्या शेतावर सरावाला गेली. दहाच्या सुमाराला तिचा फोन आला. वारा ऐकू येत होता, मागे यासिर कुणाला तरी यल्ला यल्ला म्हणत घाई करत होता.

"पपा, तू रागावलास काय माझ्यावर?"

"छे गं. का?"

"काल तू बघितलं पण नाहीस. मी आले ना रूममध्ये. दार ओपन होतं. तू काउंट करत होतास, सो मी हाक नाही मारली. रेड बॉक्स घेतला आणि गेले." ती हसली. "थँक यू, पपा. मला माहीत होतं तू करणार. आणि हेअर का नाही केले? सगळे व्हाइट दिसत होते."

"ॲव्हरिल, ऐक. ती पेटी ठेव. हात लावू नकोस. मी काल घरी होतो, ॲव्हरिल!"

"आवाज नाही येत, पपा. विंड आहे. यासिर अंकल बोलावतात. बाय!"

पण फोन बंद झाला नाही. तिने तो तसाच टेबलावर ठेवला. मी ओरडलो. तिने कानांवर आवाज रोखणारे मोठे मफ चढवले असणार, यासिरनेही. मी इतका ओरडलो की घसा फाटला. ब्रिजेटने तिच्या मोबाइलवरून यासिरला लावला आणि माझ्या कानाला लावलेल्या फोनमध्ये यासिरचा मोबाइल त्याच टेबलावर थरथरताना मला ऐकू आला. घर्र, घर्र, घर्र. कुणी उचलला नाही. ब्रिजेट पुन्हा लावत राहिली. "उचल रे बाबा, उचल," म्हणत राहिली.

पहिला बार झाला. मग दुसरा. मी मोजायला लागलो. मोजायचं नव्हतं मला, पण तोंड ऐकेना. दहा झाल्यावर ती मॅगझिन भरायला थांबली, मी तेवढ्यात पुन्हा ओरडलो. वीस. तीस. माझ्या पोरीने एक क्रम चुकवला असता, एक काडतूस पुढेमागे झालं असतं, तरी मला आशा होती की मीच वेडा ठरेन. पण मीच तिला शिकवलं होतं क्रमाने उडवायला. चौतीस. पस्तीस. छत्तीस.

सदतिसावा आवाज वेगळा होता, एवढंच सांगतो. त्यानंतर वारा, आणि यासिर तिचं नाव घेत धावत येताना.

८

ती वाचली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. उजव्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो, माणूस कळत नाही. ब्रिजेट तिला घेऊन वसईला गेली. मी फोन करतो तेव्हा ब्रिजेट म्हणते, "झोपली आहे." पलीकडे टीव्हीचा आवाज येत असतो, चॅनल बदलत असतात. त्या दिवसापासून ॲव्हरिलने मला पपा म्हटलेलं नाही.

पोलिसांनी यासिरचं पिस्तूल नेलं, परवाना नेला, ते यंत्र, डबे, फळी, सगळं नेलं. ती पेटी कुणी भरली हे कुणालाच सांगता आलं नाही. ब्रिजेटने शपथेवर सांगितलं की मी घरी होतो. यासिर मला म्हणाला, "फ्रेडरिक, घर जाओ. बेटी के पास जाओ." तोही एका दिवसात म्हातारा झाला. मी त्याच्याकडे काही महिने मागितले, आणि त्या खोलीची किल्ली मागितली. का, ते त्याने विचारलं नाही.

कोणत्या तोंडाने जाऊ मी वसईला? कलप लावायला कुणी नाही. इतक्या महिन्यांत केस पांढरे होऊन मानेवर आले आहेत. एके दिवशी आरशात बघितल्यावर कळलं मला, तो म्हातारा कोण होता.

तेव्हापासून मी रोज दुपारी दोन वाजता इथे येतो. स्टूल तेवढं राहिलंय, आणि टेबल, त्यात चार भोकं. मला एवढंच पाहायचं होतं की चूक कुठे झाली. हात वर केला, आणि तळव्याला गार लोखंड लागलं. खाली ओढला. खट-टक.

आणि दाराबाहेर, पायरीवर, कुणीतरी बसलं. गुडघा कटकन वाजला.

मी ओळखला तो आवाज. मी ओरडलो, अरे फ्रेडरिक, ती बारीक दारू फेकून दे, ती फुगीर घे, बायकोचं ऐक! पोरीला जवळ घे आणि सांग! घसा फाटेस्तोवर ओरडलो. पण त्या दिवशी बाहेर बसून मी काय ऐकलं होतं ते मला माहीत आहे. त्याला आकडे तेवढे ऐकू येतात. बाकीचं दाराच्या आतच राहतं.

मी पुंगळ्या भरायच्या नाहीत असं रोज ठरवतो. पण हात चालतो, तोंड मोजतं. आणि रोज छत्तीस झालं की बाहेरच्या खडीवर बुटांचा आवाज येतो. तिचे बूट, डावा चालताना किंचित चुरचुरतो, नवे घेतले तेव्हापासून. काळीज असं हलतं माझं की सदतीस म्हटलं की नाही तेच कळत नाही, आणि हात पुन्हा एकदा खाली जातो. मुद्दाम नाही करत हो मी. देवाशपथ मुद्दाम नाही करत.

रोज ते बूट दारापर्यंत येऊन थांबायचे. आज शुक्रवार आहे. आज थांबले नाहीत.

दार उघडलं. समोरच्या भिंतीवर उन्हाची पट्टी पडली आणि तिच्यात तिची सावली, केस वर बांधलेले. संत्र्याच्या च्युइंगमचा वास आला. दाराजवळच्या कोपऱ्यात लाल पेटी आहे, मी ती आणलेली नाही, पण आहे, भरलेली आहे. माझी पोर माझ्यामागे हातभर अंतरावर उभी आहे. तिचे दोन्ही डोळे माझ्या पाठीकडे बघतायत. तिची दहाही बोटं जागेवर आहेत.

मला फक्त वळायचंय. मान वळत नाही. तोंडातून आकड्यांशिवाय काही निघत नाही. तिने एकदा हाक मारली तर मी मोजायचा थांबेन, तेव्हाही थांबलोच होतो ना, खेकसायला का होईना. पपा म्हण. चहा हवा का, विचार. हाक मार बाळा, मोजताना मार, मी नाही ओरडणार. एकदाच मार.

मागे कोपऱ्यातली पेटी उचलल्याचा आवाज झाला. ती क्षणभर थांबली, बहुतेक माझे पांढरे केस बघत. मग चवड्यांवर चालत बाहेर गेली, माझं मोजणं मोडू नये म्हणून.